वंश स्वतः ठरवता येतो का? अमेरिकेत तो कोण ठरवतं आणि कशावरून?

पूर्वपक्ष:
आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत यंदा विषय आलाय: "लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, तर वंशही ज्याचा त्याने का ठरवू नये?" मुलांची तयारी करून घ्यायची आहे. जे काही वाचायला मिळतंय ते सगळं गोरी असून कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या रेचल डोलेझालभोवती फिरतं, आणि त्यातली निम्मी नुसती टिंगल असते. नेमकं हवंय ते असं:

१. अमेरिकेत माणसाचा वंश कायद्याने कुठल्या कागदावर पक्का होतो? जन्मदाखला, जनगणना की आणखी काही?
२. डोलेझालने नक्की कुठला नियम मोडला?
३. वंशबदलाचं समर्थन करणाऱ्या तत्त्वज्ञ रिबेका टुव्हेलच्या लेखावरून तत्त्वज्ञांमध्ये जे रण पेटलं, त्यातला मूळ युक्तिवाद काय होता?
४. आपल्याकडच्या जात पडताळणीशी तुलना केली तर परीक्षक धरतील का?

"वंश ही सामाजिक रचना आहे" हे वाक्य मुलांना पाठ आहे. त्याच्या पुढचं सांगा.

---

कागदोपत्री:
पहिल्या प्रश्नापुरतं. असा एक कागद नाही. जिथे तुमच्या उत्तरावर काहीच अवलंबून नाही तिथे तुम्ही लिहाल तो वंश, आणि जिथे नोकरी, कंत्राट किंवा सदस्यत्व अवलंबून आहे तिथे विचारणारं कुणीतरी बसलेलं असतं. मुलं बहुतेक या दोन जागांची सरमिसळ करतील, आणि समोरची बाजू तिथेच पकडेल.

जनगणना घ्या. १९६० च्या आधी प्रगणक दारात येऊन माणसाला बघून वंश लिहायचा. १९३० च्या सूचनेत तर स्पष्ट होतं की गोरं आणि निग्रो रक्त मिसळलेलं असेल तर निग्रो लिहा, मग ते रक्त कितीही थोडं असो. १९६० पासून फॉर्म घरोघर जाऊ लागला आणि लोक स्वतः खुणा करू लागले. २००० पासून एकापेक्षा जास्त चौकटींवर खूण करता येते. या खुणेची शहानिशा कुणी करत नाही.

फॉर्मवर कुठल्या चौकटी असाव्यात हे मात्र तुम्ही ठरवत नाही. ते केंद्र सरकारचं व्यवस्थापन आणि अर्थसंकल्प कार्यालय ठरवतं. १९७७ चा निर्देश क्रमांक १५, त्याची १९९७ ची सुधारणा, आणि मार्च २०२४ ची पुढची सुधारणा. या शेवटच्या सुधारणेत वंश आणि हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं) असणं हे दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका असा नवा गट काढला. म्हणजे लेबनॉनहून आलेलं कुटुंब तोवर सरकारी हिशोबात गोरं होतं आणि नव्या निकषाने ते गोरं राहत नाही. माणसं तीच आहेत.

जन्मदाखल्यासाठी आई-वडिलांचा वंश विचारतात. बाळाचा वंश ही आकडेवारीवाल्यांची गरज. १९८९ च्या आधी सूत्र असं होतं की पालकांपैकी एक गोरा असेल तर बाळाची गणना दुसऱ्याच्या वंशात करायची. १९८९ पासून जन्मांची आकडेवारी आईच्या वंशानुसार मांडतात.

नोकरीत मालकाला सरकारकडे वंशनिहाय आकडे पाठवावे लागतात. आधी कर्मचाऱ्याला विचारायचं, आणि त्याने सांगायला नकार दिला तर जुन्या नोंदी किंवा नुसतं बघून भरायची मुभा आहे. हे वाचून हसू येतं, पण नियमातच तसं आहे.

आता शहानिशा होते त्या जागा.

बोस्टनचे मलोन बंधू. जुळे भाऊ, गोरे. १९७५ ला अग्निशमन दलाच्या परीक्षेत कमी पडले. १९७७ ला कृष्णवर्णीय म्हणून अर्ज केला आणि १९७८ ला भरती झाले, कारण न्यायालयाच्या आदेशाने तेव्हा अल्पसंख्याकांसाठी वेगळी यादी होती. १९८८ ला बढतीच्या वेळी प्रकरण उघड झालं. पणजी कृष्णवर्णीय होती, असा त्यांचा दावा. १९८९ च्या निकालात तीन कसोट्या आहेत: दिसणं, कागदपत्रं, आणि हे कुटुंब स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवत आलंय का व समाजात तसं ओळखलं जातं का. तिन्हींत नापास. नोकरी गेलीच होती, ती परत मिळाली नाही.

वॉशिंग्टन राज्यातला विमा व्यावसायिक. डीएनए चाचणीत ९० टक्के युरोपीय, ६ टक्के मूलनिवासी अमेरिकी, ४ टक्के सहाराच्या दक्षिणेकडचं आफ्रिकी. त्यावर वंचित उद्योजकांच्या केंद्रीय योजनेत अर्ज केला. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये नकार कायम ठेवला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शंका आली तर अधिकाऱ्याने बघायचं ते असं: अर्जाच्या आधी दीर्घकाळ हा माणूस स्वतःला त्या गटाचा म्हणवत होता का, आणि तो गट त्याला आपला मानतो का. टक्केवारी हा निकषच नव्हता.

आदिवासी राष्ट्रं. इथे प्रश्न वंशाचा कमी आणि नागरिकत्वाचा जास्त. चेरोकी नेशनला १८९८ ते १९०६ च्या सुमाराच्या डॉझ याद्यांत (सरकारने केलेल्या सदस्यनोंदणीत) तुमचा थेट पूर्वज दाखवावा लागतो. रक्ताचं किमान प्रमाण नाही. नावाहो नेशनला एक चतुर्थांश रक्त लागतं. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपले पूर्वज मूलनिवासी असल्याचं दाखवायला डीएनए अहवाल जाहीर केला, तेव्हा चेरोकी नेशनने साफ सांगितलं की नागरिकत्व ठरवायला असल्या चाचणीचा काही उपयोग नाही.

---

हडसनकाठ:
दुसरा प्रश्न. डोलेझालने मोडलेला नियम शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही, आणि विषय समजायला तेच महत्त्वाचं आहे.

स्पोकेन शहरात ती एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या शाखेची अध्यक्ष होती. जून २०१५ मध्ये स्थानिक वाहिनीच्या पत्रकाराने कॅमेऱ्यासमोर तुम्ही आफ्रिकी-अमेरिकी आहात का असं विचारलं, तेव्हा प्रश्न कळला नाही म्हणाली आणि निघून गेली. आई-वडिलांनी ती गोरी असल्याचं सांगितलं. १५ जूनला राजीनामा. पण ते पद कृष्णवर्णीयांसाठी राखीव नव्हतंच. संस्थेने १२ जूनच्या निवेदनात म्हटलं होतं की वंश ही नेतृत्वासाठी पात्रताही नाही आणि अपात्रताही नाही. १९०९ साली ही संस्था काढणाऱ्यांत गोरे बरेच होते, आणि पहिले अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी गोरेच. गोरी म्हणून ती तिथे राजरोस काम करू शकली असती.

शहराच्या पोलीस लोकपाल आयोगाच्या अर्जात तिने गोरी, कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी अशा तीन खुणा केल्या होत्या. आयोगावरून तिला काढलं ते मात्र आयोगातल्या वर्तनाच्या वेगळ्या चौकशीवरून. २०१८ साली खटला भरला गेला तो उत्पन्न लपवून सरकारी मदत घेतल्याचा, आणि तो २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. या दोन्ही गोष्टी वंशाच्या दाव्याखाली घुसडू नका. समोरच्याने वाचलेलं असेल तर पंचाईत होईल.

खरी अडचण करणारा कागद वेगळा आहे. २००२ मध्ये तिने हॉवर्ड या कृष्णवर्णीयांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठावर दावा लावला होता. इतर आरोपांबरोबर गोरी म्हणून भेदभाव झाला असाही आरोप त्यात होता. २००४ मध्ये दावा फेटाळला, २००५ मध्ये अपीलही. लहानपणापासून मी आतून कृष्णवर्णीयच होते या तिच्या नंतरच्या म्हणण्याशी हा दावा जुळवून दाखवणं अवघड जातं.

जेसिका क्रुगचं प्रकरण याहून सरळ आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात आफ्रिकेच्या इतिहासाची प्राध्यापक, कॅन्सस सिटीजवळच्या गोऱ्या ज्यू कुटुंबातली. आधी उत्तर आफ्रिकी, मग अमेरिकी कृष्णवर्णीय, मग ब्रॉन्क्सची कॅरिबियन अशा ओळखी तिने बदलत नेल्या. ३ सप्टेंबर २०२० ला स्वतःच कबुली प्रसिद्ध केली आणि काही दिवसांत पद सोडलं. "आतून तसं वाटायचं" असा बचाव तिने घेतलाच नाही, त्याला खोटं म्हटलं. त्यामुळे विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलांनी क्रुग टाळावी, विरुद्ध बाजूने डोलेझालपेक्षा क्रुग घ्यावी.

---

मीमांसक:
टुव्हेलचा लेख 'हायपेशिया' या स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात २०१७ च्या वसंत अंकात आला. आठशेहून अधिक जणांनी तो मागे घ्या म्हणून खुलं पत्र दिलं. काही सहयोगी संपादकांनी परस्पर माफी मागितली, मुख्य संपादक सॅली शोल्झ लेखामागे उभ्या राहिल्या. लेख मागे घेतला गेला नाही. केटलिन जेनर या प्रसिद्ध पारलिंगी स्त्रीचं जुनं नाव त्यात होतं, तेवढं दुरुस्तीत काढलं.

सांगाडा सोपा आहे. तिने ज्यू धर्मात प्रवेशाचं उदाहरण घेतलं. तिथे दोन गोष्टी लागतात: माणसाने स्वतः मनापासून ठरवणं आणि त्या समाजाने स्वीकारणं. लिंगाच्या बाबतीत आपण हे मान्य करतो, मग वंशाच्या बाबतीत तत्त्वतः नकार का? नंतर ती चार आक्षेप घेते: वर्णभेद भोगत वाढलेलं नसणं, समाजात वंश पूर्वजांवरून ठरतो हे वास्तव, कृष्णवर्णीयांचा त्यात होणारा अपमान, आणि गोऱ्या माणसाला हवं तेव्हा परत फिरता येणं. प्रत्येकाला तिचं उत्तर साधारण एका पद्धतीचं आहे: हाच आक्षेप पारलिंगी स्त्रीवर लावला तर तुम्ही तो मान्य कराल का? नसेल, तर इथेही चालू नये.

मला तिचं दुसऱ्या आक्षेपाला दिलेलं उत्तर सर्वांत कच्चं वाटतं. पूर्वज हा वंशाचा अनेकांपैकी एक निकष आहे आणि समाज तो बदलू शकतो, असं ती म्हणते. बदलू शकेलही. पण "बदलू शकतो" आणि "बदलला आहे" यांत अंतर आहे, आणि डोलेझाल बोलत होती ती बदल झाल्यासारखी.

विरुद्ध बाजूसाठी दोन तगडे युक्तिवाद.

एक रॉजर्स ब्रुबेकरचा. तो समाजशास्त्रज्ञ आहे, कुणाचीच वकिली करत नाही. तो विरोधाभास दाखवतो: शरीरशास्त्राने पाहिलं तर लिंगभेदाला आधार जास्त आणि वंशभेदाला कमी, तरी बदल स्वीकारला जातो लिंगाचा. कारण लिंगओळख ही आतली, ज्याची त्याला कळणारी गोष्ट मानली जाते. वंशाचा पुरावा मात्र माणसाच्या बाहेर असतो, त्याच्या वाडवडिलांत. कुणाचा शब्द अखेरचा, हाच फरक आहे.

दुसरा रॉबिन डेम्ब्रॉफ आणि डी पेटन यांचा, २०२० चा. वंशावरची विषमता पिढ्यान् पिढ्या साचत जाते, लिंगावरची तशी साचत नाही. बाईच्या वाट्याला आलेला अन्याय तिच्या मुलीकडेच जातो असं नाही, तिचा मुलगाही त्याच घरात वाढतो. गुलामगिरी आणि वस्त्यांच्या वाटणीतून हुकलेली मालमत्ता मात्र कुटुंबासोबत खाली उतरते. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० होती. कृष्णवर्णीय हे नाव त्या साचलेल्या तुटीचा हिशोब ठेवायलाही लागतं, आणि ज्याच्या घरात ती तूट आलीच नाही त्याने ते नाव घेतलं की हिशोब बिघडतो.

विषयाच्या बाजूला अॅडॉल्फ रीड ज्युनियर आहेत, स्वतः कृष्णवर्णीय आणि डावे. जेनरला हो आणि डोलेझालला नाही यात सुसंगती नाही, असं त्यांनी जून २०१५ मध्येच लिहिलं होतं.

मुलांना एक साधन द्या. तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांनी वंश ठरवायचे सात निकष वेगळे काढले आहेत: दिसणं, पूर्वज, त्या पूर्वजांची स्वतःला असलेली जाणीव, लोकांना असलेली जाणीव, संस्कृती, अनुभव, आणि स्वतःची ओळख. डोलेझाल, मलोन बंधू, डीएनएवाला व्यावसायिक या प्रत्येकाला सातही निकषांवर तपासा. डोलेझालला संस्कृती आणि स्वओळख मिळते, दिसणंही काही अंशी. डीएनएवाल्याला चिमूटभर पूर्वज मिळतात, बाकी जवळपास रिकामं. मग वाद नेमका कुठल्या निकषावर आहे ते उघड होतं.

आणि एक सावधगिरी. ही तुलना पुष्कळदा वंशाबद्दल नसतेच. वंश बदलणं हास्यास्पद, म्हणून लिंग बदलणंही हास्यास्पद, असा उलटा वापर होतो. विषयाची शब्दरचना त्याला वाट करून देते. बोलणाऱ्याने आपण कुठल्या दिशेने चाललोय हे पहिल्या मिनिटात सांगावं.

---

पूर्वपक्ष:
सगळ्यांचे आभार, सात निकषांचा तक्ता आजच करून देतो. एक शंका: ही सगळी उदाहरणं गोऱ्यांनी कृष्णवर्णीय म्हणवण्याची आहेत. उलट दिशेने काय?

---

हडसनकाठ:
उलट दिशेचा इतिहास कितीतरी मोठा आहे, आणि तिथे कायदा वाट अडवून उभा होता. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने गोरा म्हणजे गोऱ्याखेरीज कुठल्याही रक्ताचा अंश नसलेला. अपवाद एकच: मूलनिवासी रक्त सोळाव्या हिश्श्यापर्यंत चालेल. तो ठेवला कारण तिथली बडी घराणी पोकाहोन्टस या मूलनिवासी सरदारकन्येचे वंशज असल्याचं अभिमानाने सांगत. रक्ताची शुद्धता कुणाच्या सोयीने मोजतात ते यात दिसतं.

लुइझियानात सूझी गिलरी फिप्स या बाईला प्रौढपणी कळलं की जन्मदाखल्यावर आई-वडील 'कलर्ड' (म्हणजे कृष्णवर्णीय) आहेत. आयुष्यभर ती गोरी म्हणून जगली होती. १९७० च्या कायद्याने तिथे बत्तिसाव्या हिश्श्यापर्यंतचं कृष्णवर्णीय रक्त माफ होतं. राज्याने वंशावळ काढून तिचा हिस्सा ३/३२ असल्याचं मांडलं. कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, तरी ती दुरुस्तीचा दावा हरली, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. इथे दिसणं, संस्कृती, अनुभव, लोकांची समजूत, स्वओळख हे सगळं गोरं. फक्त पूर्वज आडवे आले. मिल्सच्या तक्त्यात ही ओळ डोलेझालच्या शेजारी ठेवा.

आपला संबंध इथेच येतो. १९५२ पर्यंत नागरिकत्वाच्या कायद्याला वंशाची अट होती, आणि हिंदी माणसाला त्यातून जायचं तर आपण 'गोरे' आहोत हे सिद्ध करावं लागे. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये अपिलातही ते मिळालं. १९२२ मध्ये ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. पुढच्या वर्षी भगतसिंग थिंड म्हणाले, मी शास्त्राप्रमाणे कॉकेशियन आहे. तेव्हा त्याच न्यायालयाने सांगितलं की शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस कुणाला गोरा म्हणतो ते बघायचं. तीनच महिन्यांत कसोटी फिरली. मग दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही दावा झाला, पण आधीचा निकाल सरकारने वेळेत आव्हान दिलं नाही म्हणून कायम धरला गेला आणि त्यांचं नागरिकत्व वाचलं. हिंदी लोकांना कायद्याने ते खुलं झालं १९४६ मध्ये.

जनगणनेतला प्रवासही मजेदार आहे: १९२०, १९३० आणि १९४० ला 'हिंदू' हा वंश (शीख असलात तरी), १९७० ला गोरे, १९८० ला 'एशियन इंडियन'. हा शेवटचा बदल भारतीय संघटनांनी मागून घेतला, कारण अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबाहेर राहणं परवडणारं नव्हतं.

आणि एक तर भारतीयच 'झाला'. कोर्ला पंडित, फेटा बांधून टीव्हीवर ऑर्गन वाजवणारा, दिल्लीच्या ब्राह्मणाचा मुलगा म्हणवणारा. १९९८ ला तो वारला, आणि २००१ मध्ये जाहीर झालं की तो सेंट लुईसचा कृष्णवर्णीय जॉन रोलंड रेड होता. काळ्याला बंद असलेली दारं फेटेवाल्याला उघडी होती.

---

वैधता:
चौथा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा. तुलना चालेल, पण पद्धतीची. जात म्हणजे वंश असं एकदा जरी तोंडातून गेलं तर परीक्षक बाबासाहेब काढतील. जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, वंशाची नव्हे, हे त्यांनी स्पष्ट मांडलं आहे.

पद्धत मात्र चकित करण्याइतकी जुळते. माधुरी पाटील प्रकरणात (१९९४, हिंदू कोळी की अनुसूचित जमातीतले महादेव कोळी हा वाद) सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची रचना घालून दिली. महाराष्ट्राने त्यावर कायदा केला, २००१ चा अधिनियम २३. सिद्ध करायचा भार दावा करणाऱ्यावर, कलम ८. समिती बघते ते वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले आणि महसुली नोंदी. १९५० च्या आधीच्या नोंदीला वजन सर्वांत जास्त, कारण आरक्षणाचा लाभ दिसण्याआधी कुणी दप्तरात जात बदलून घेण्याची शक्यता कमी. अमेरिकेतल्या "अर्जाच्या आधी दीर्घकाळ" या अटीमागे हेच डोकं होतं.

मग आप्तभाव चाचणी: दैवतं, लग्नाचे विधी, मर्तिकाच्या चाली, बोली. इथे गफलत होते ती अशी की शहरात वाढलेल्या खऱ्या आदिवासी मुलाला हे सांगता येत नाही आणि पुस्तक पाठ केलेल्याला येतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच सांगितलं की आप्तभाव ही निर्णायक कसोटी नाही. डोलेझालला संस्कृती येत होती, यावर जे भाळतात त्यांना हा निकाल दाखवा.

समाजाच्या स्वीकाराचा मुद्दाही आपल्याकडे आहे, पण तो पूर्वजांना जोडून. केरळच्या के. पी. मनू प्रकरणात (२०१५) पूर्वजांच्या धर्मात परतलेल्याला जात परत मिळायला तीन गोष्टी लागतात असं ठरलं: पूर्वज त्या जातीचे असल्याचा पुरावा, प्रत्यक्ष परत येणं, आणि त्या समाजाने स्वीकारणं. नुसता स्वीकार पुरत नाही. वल्सम्मा पॉल प्रकरणात (१९९६) लग्नाने मागास कुटुंबात आलेल्या उच्चवर्णीय स्त्रीला आरक्षण नाकारलं, कुटुंबाने तिला आपलं मानलं होतं तरी.

आणि खोटेपणाची किंमत. मिलिंद प्रकरणात (२०००) कोष्टी म्हणजे हलबा ही अनुसूचित जमात नव्हे असं ठरलं, पण तोवर झालेल्या प्रवेशांना अभय दिलं. २०१७ च्या बहिरा निकालाने ती सवलत थांबवली: दावा खोटा ठरला की नोकरी जाते, मग हेतू प्रामाणिक होता की नाही हे बघायचं नाही. आपली यंत्रणा मनात काय होतं ते विचारतच नाही, त्यामुळे "मला आतून तसं वाटतं" या वाक्याला तिथे रकानाच नाही.

---

कागदोपत्री:
वैधतांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एकच. अमेरिकी विद्यापीठातल्या प्रवेशाचं उदाहरण कुणी देणार असेल तर २९ जून २०२३ आधीचं की नंतरचं हे सांगायला लावा. त्या दिवशीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या हार्वर्ड निकालाने वंशाच्या चौकटीला प्रवेशात वजन द्यायला बंदी झाली. वंशामुळे आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने निबंधात लिहिलं तर ते विचारात घ्यायला मात्र मुभा ठेवली. त्यामुळे त्यानंतर खोटी खूण करून प्रवेशात फायदा मिळायला नको. आता खोटं बोलायचं तर प्रसंग रचावे लागतील, आणि ते तपासायला वंशावळ लागत नाही.